शामरावांचे पहिले हजार किलोमीटर

शामराव मेश्राम यांनी रेल्वेत छत्तीस वर्षं इंजिनं चालवली होती. त्यामुळे नवी हायब्रिड गाडी घेताना शोरूमच्या विकीनं त्यांना ती समजावून सांगायला घेणं, हा सरळसरळ अपमान होता!

“अंकल, ये गाडी बॅटरी पे भी...”

“बेटा, हमको इंजिन मत सिखाओ! तुमारी उमर से जादा हमारी सर्व्हिस है!”

विकी बिचारा एवढंच म्हणाला, की पहिले हजार किलोमीटर ऐंशीच्या वर जायचं नाही, एकाच स्पीडवर फार वेळ चालवायची नाही आणि करकचून ब्रेक मारायचा नाही. हे मात्र शामरावांना पटलं. त्यांनी तिन्ही कलमं कागदावर लिहिली, खबरदारी म्हणून ऐंशीचे चाळीस केले आणि कागद स्टिअरिंगसमोर चिकटवला.

रविवारी अकराला भिलाई-३मध्ये मुलाचं, संघर्षचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. तो मित्रांबरोबर आदल्या दिवशीच पुढे गेला होता. अंगठी बायकोच्या, मायाबाईंच्या पर्समध्ये. आणि व्याही गौतमराव, रेल्वेचेच रिटायर्ड कंट्रोलर, गाड्यांच्या मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारे! त्यांच्यासमोर उशिरा पोहोचायचं म्हणजे छत्तीस वर्षांच्या नोकरीवर पाणी!

सकाळी समता कॉलोनीतल्या घरून निघताना शामरावांनी दोघांचेही मोबाइल बंद केले. ड्युटीवर मोबाइल चालत नाही! रेल्वेतल्यासारखं मायाबाईंना सिग्नल पुकारायला असिस्टंट नेमलं.

“समोर जे दिसन ते जोरात बोलायचं. मंग मी बोलीन. चुकायचं नाही!”

“हिरवा!” मायाबाई ओरडल्या.

“हिरवा!” शामराव ओरडले.

“गाय!”

“गाय!”

स्पीड एकसारखा ठेवायचा नाही, म्हणून गाडी वीसवरून चाळीसवर, चाळीसवरून वीसवर. मायाबाईंच्या पोटात सकाळचे पोहे वरखाली व्हायला लागले. पण त्यांचा आवाज असा खणखणीत, की इंजिनाचा आवाज कुठला ऐकू यायला!

टाटीबंधच्या सिग्नलला गाडी थांबली. मायाबाई “लाल!” म्हणून श्वास घ्यायला थांबल्या आणि एकदम शांतता पसरली. शामरावांनी कान लावला. घरघर नाही, थरथर नाही!

“माया! इंजिन फेल!”

“अवो, आता वं काय करायचं? ऑटो करू ना!”

“ड्रायव्हर गाडी सोडून जाते का कधी? तू पहिले मागं जाय! लाल झेंडी दाखव!”

झेंडी कुठून आणणार? होणाऱ्या सुनेसाठी घेतलेली लाल साडी होती! मायाबाई पन्नास पावलं मागे जाऊन ती साडी भर रस्त्यात हलवायला लागल्या. दोन मिनिटांत टेम्पो, बस, स्कूटर, सगळं तुंबलं. एका स्कूटरवाल्या बाईनं साडीचा पदर चिमटीत धरून विचारलं, “दीदी, कितने की दे रही हो?”

“बेचने की नही है! हमारी गाडी मर गई!”

अडकलेल्यांत सगळ्यांत पुढे राकेश नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर होता.

“का होगे कका?” त्यानं विचारलं.

“इंजिन फेल! भिलाई-३ तक खींचोगे?”

“हव!”

दोर बांधला गेला. शामराव स्टिअरिंगवर ताठ बसले. ट्रॅक्टर पंधराच्या वर जाईना. सव्वाअकरा झाले तरी ते चरोद्याच्या अलीकडेच होते! मायाबाई पर्स छातीशी धरून घड्याळ बघत होत्या. शामरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पोराचं साक्षगंध, आणि बाप दोराला बांधलेला!

अकरा चाळीसला वरात हॉलसमोर पोहोचली. ताटकळलेल्या मुलीकडच्या पाहुण्यांनी पुढे बसलेल्या राकेशलाच मुलाचे वडील समजून हार घातला! धुळीनं माखलेला राकेश लाजून हात जोडत राहिला.

“जयभीम शामरावजी!” गौतमराव मागच्या गाडीपाशी येऊन म्हणाले. “तब्येत बरी आहे ना? फोन लागून नाही राहिले, आम्ही घाबरलो ना!”

तेवढ्यात संघर्ष धावत आला. “बाबा, हुआ क्या?”

“इंजिन फेल! आवाजच नाही!”

संघर्षनं आत डोकावून पाहिलं, दोर सोडला, स्टिअरिंगवर बसला आणि गाडी चूंसुद्धा न करता हॉलसमोरच्या मैदानात सुळकन एक चक्कर मारून परत आली.

“बाबा, ये चालूच है! सुबह से चालू है! सिग्नल पे बॅटरी पे जाती है, आवाज बंद होती है इसकी!”

शेजारी राकेशचा ट्रॅक्टर धडधडत होता. गौतमरावांनी घड्याळाकडे पाहिलं, शामरावांकडे पाहिलं, आणि त्यांच्यातल्या कंट्रोलरला काही राहवेना.

“चाळीस मिनिटं लेट, शामरावजी. फेल काय झालं म्हणायचं मग?”

शामरावांनी तोंड उघडलं, पण मायाबाईंनी अंगठीची डबी त्यांच्या हातात ठेवत आयुष्यातला पहिला सिग्नल स्वतःच्या मनानं दिला.

“ड्रायव्हर, भाऊ! ड्रायव्हर फेल!”