कढई उतरल्याची हकीकत

श्री. ज्याचे कान सुपाएवढे आणि जो सर्वांचे ऐकून घेतो, त्या गजाननास नमन करून लिहितो. शके सोळाशे पन्नास, कीलक नाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले की महाराजांचा मोत्यांचा तुरा नाहीसा जाहला. राज्याचे नाव सांगत नाही, कारण तेथील कोतवालीचा धाक आम्हांस अद्याप आहे. तुरा गेला ते समयी महाली बाहेरची माणसे दोनच होती, करंज्या तळावयास आलेला केरोबा हलवाई आणि महाराजांचा अंगरखा शिवावयास आलेला सिदोजी शिंपी. मग संताजीराव कोतवाल यांनी उभयतांस धरिले आणि वहिवाटीप्रमाणे कढई चढविली. वहिवाट ऐसी की आरोपीस धरिताच त्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवावे, उकळत्या तेलातून त्याने उजव्या हाताने सोन्याचा तुकडा काढावा, हात पोळला तर तो चोर, आणि हात काढीपर्यंत त्याने चकार शब्द बोलू नये, कारण चोराच्या बोलण्याने सिंहासनास विटाळ होतो. अद्याप चोर ठरला नाही त्यास चोराचा नियम का, हे पुसण्याचे कोणास सुचले नाही. आम्हांसही नाही.

प्रथम केरोबा आला आणि त्याने हात घालून तुकडा असा काढिला की जैसी करंजीच काढिली, हातास फोड नाही, उलट तुळशीपत्र थुंकून तेल अजून तापावयास हवे होते म्हणाला. मग त्यास निर्दोष ठरवून साखर वाटिली, आणि आता चोर तो सिदोजीच ऐसे म्हणून कोतवालांनी त्यास कढईपाशी आणिले. सिदोजी घामाघूम जाहला, महाराजांच्या छातीकडे बोट दाखवू लागला, तेव्हा शिपायांनी त्याचे हात धरिले. शिंप्याचा उजवा हात गेला म्हणजे त्याची सुई गेली आणि चूल विझली, हे सारी सभा जाणत होती. महाराज सकाळपासून छाती खाजवीत बसले होते.

इतक्यात सिदोजीची बायको गोदूबाई पदर खोचून पुढे जाहली आणि न्यायाधीश त्र्यंबकपंत यांस म्हणाली, "पंत, केरोबाभाऊ झाऱ्यावाचून, नुसत्या उजव्या हाताने कढईतल्या करंज्या उलथतात हे सारी पेठ बघते. आता त्यांना डावा हात घालू द्या. खरेपणा काय एकाच हातात असतो?"

केरोबाने डावा हात पाठीमागे नेला आणि देवाची शपथ वाहून सांगितले की आपण चोरी केली नाही, परंतु हा हात घालणार नाही. कोतवाल हर्षित होऊन म्हणाले, पाहा, हाच चोर. तेव्हा पंतांनी कोतवालांसच डावा हात घालण्याची विनंती केली. कोतवालांनी बहुत विचार केला आणि विनंती मान्य जाहली नाही. मग पंत महाराजांस बोलिले, "येथे कोणीच हात घालणार नाही, म्हणून काय सारे चोर? ही कढई घट्टे तपासते, माणूस नव्हे. या शिंप्याच्या तोंडातले पान काढावे आणि ऐकावे." रिवाज मोडला तर राज्य बुडेल ऐसे कोतवालांचे म्हणणे पडले, परंतु महाराजांनी होकाराची मान डोलविली आणि पान काढिले.

सिदोजी हात जोडून म्हणाला, "सरकार, तुरा आपल्या अंगावर आहे. दृष्ट लागू नये म्हणून आईसाहेबांनी तो अंगरख्याच्या अस्तरात शिवायला सांगितला आणि त्या काशीला निघाल्या. पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण तोंडात पान होतं."

अस्तर उसविले, तो तुरा निघाला. महाराजांस फार लाज वाटली हे आम्ही समक्ष पाहिले. मग त्यांनी कढई खाली उतरवून तिच्यातले तेल ओतविले, आणि हुकूम जाहला की यापुढे आरोप आला म्हणजे आधी आरोपीने बोलावे, त्यास बोलता न आले तर त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलावे, शाबीत होईतो त्यास चोर म्हणू नये, आणि त्याच्या अंगास कोणी हात लावू नये. कोतवाल रुसले, परंतु राज्य बुडाले नाही. कढई केरोबास बक्षीस दिली.

तात्पर्य, त्या राज्यात आजतागायत हा हुकूम चालतो आणि चोरही सापडतात, पूर्वीपेक्षा अधिकच. महाराजांचा तो अंगरखा सिदोजीने त्याच हाताने पुन्हा शिवला. जैसे पाहिले तैसे लिहिले, लेखनास येथे विराम.