एकच कारण आणा

माझ्या पत्नीला दोन आजारपणं एकाच वेळी आली, ही तिच्याकडून झालेली प्रशासकीय चूक होती. विषाणूचा ताप आला आणि गेला, पण जाताना थकवा, छातीतली धडधड आणि विसराळूपणा मागे ठेवून गेला. त्याच सुमारास तिची पाळी बंद व्हायला आली. मग घाम, जागरण, आणि पुन्हा तीच धडधड. ती माझ्याहून बरीच लहान आहे. मी भिडस्त, लग्नाचं विचारायलाच चाळिशी उलटली होती.

ती शाळेत भूमिती शिकवते. एके दिवशी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि तिला ‘त्रिज्या’ हा शब्दच आठवेना. ती खुर्चीत बसली ती तास संपेपर्यंत. मुख्याध्यापिका सहृदय होत्या. बरं वाटेपर्यंत अर्धा दिवस या म्हणाल्या, फक्त डॉक्टरांकडून कारण लिहून आणा. मात्र कारण एकच हवं. दोन असली की संस्थेला संशय येतो. नाहीतर पूर्ण दिवस काम किंवा राजीनामा.

इस्पितळात तापोत्तर विभाग तळमजल्यावर होता, स्त्रियांचा विभाग सर्वांत वर, आणि लिफ्ट दुरुस्तीला. खालच्या डॉक्टरांनी तिचं वय पाहिलं आणि ही धडधड वयाची आहे, वर जा म्हणाले. वरच्या डॉक्टरीणबाईंनी तापाचं ऐकलं आणि खाली पाठवलं. जिने चढून-उतरून धडधड वाढली. ती वाढ दोन्ही विभागांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून नोंदवली.

मी पिशवी धरायला सोबत होतो. या विषयावरची जाडजूड पुस्तकं मी वाचून काढली होती, समासात शिसपेन्सिलीनं खुणाही केल्या होत्या. पण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, यांची पाळी कधीपासून मागेपुढे होतेय, तेव्हा मी वर पंख्याकडे पाहू लागलो.

“अहो, पंख्याला नाही विचारलं त्यांनी,” बायको म्हणाली.

शेवटी दोन्ही विभागांची संयुक्त समिती बसली. तिनं लक्षणांची रीतसर वाटणी केली. दिवसाचा घाम खालच्यांना, रात्रीचा वरच्यांना. वस्तूंची नावं विसरली तर तापामुळे, माणसांची विसरली तर वयामुळे. धडधडीपाशी मात्र घोडं अडलं. ती कोणीच घेईना. हृदयवाल्यांना बोलवावं असं एकानं सुचवलं, पण ते तिसरंच कारण काढतील या भीतीनं सूचना मागे घेण्यात आली.

“दोन्ही असू शकत नाही का हो?” बायकोनं विचारलं.

“असू शकतं ना, बाई,” अध्यक्ष मायेनं म्हणाले. “पण तशी सोय नाही.”

मग घरच्या माणसाचं निरीक्षण विचारात घ्यायचं ठरलं. सगळे माझ्याकडे वळले. घरी यांना कामं झेपतात का, असा प्रश्न होता. आयुष्यभर मी आपल्या तोंडून काही चुकीचं जाऊ नये म्हणून गप्प बसत आलो. आज म्हटलं, निदान नेमकं बोलावं.

“घरी ती सगळं करते,” मी म्हणालो. “स्वयंपाक, कपडे, सगळं.” आवाजात थोडा अभिमानही होता.

समितीनं सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही विभागांचं प्रथमच एकमत झालं. रुग्ण पूर्ण दिवस कामास योग्य.

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर बसली. मी घाईघाईनं सांगितलं की मी खोटं काही बोललो नाही.

“खोटं नाहीच,” ती म्हणाली. “झेपतं का, एवढंच विचारलं होतं हो त्यांनी. तुम्ही ‘करते’ म्हणालात.”

घरी येताच मी या निर्दय व्यवस्थेवर लिहायला बसलो. लेखणी अशी चालली की काही विचारू नका. खालच्या विभागाची सालटी काढली, वरच्यांनाही सोडलं नाही. अध्यक्षांवर तुटून पडणार, तेवढ्यात कोपराशी गरम काही लागलं. चहाचा कप होता. मी मागितला नव्हता. कधी आला, कळलंही नाही.

तुम्हालाही त्या समितीचा संताप आला असेल. रास्तच आहे. फक्त तुमच्या कोपराशी आता जो कप आहे, तो तिथवर कसा आला, हे समितीनं विचारलं तर जपून उत्तर द्या.