धुळाचा ढोल आणि निम्म्यात अडकलेला देव

वळसंगच्या धुळानं ढोलाचं टिपरू हवेत फेकून झेलायची तालीम घरातच सुरू केली. आधी दुधाचं गाडगं फुटलं, मग कोनाड्यातली दिव्याची चिमणी गेली, आणि शेवटी टिपरू बायकोच्या पाठीत बसलं.

"अवो, बिरोबाचा ढोल हाय का इटीदांडू?" तानाबाई कळवळून म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं. ह्येला जाझ म्हणत्यात."

हे खूळ सोलापुरातून आलं होतं. धुळा घोंगडी विकायला शुक्रवार पेठेत महादेवप्पांच्या दुकानी जायचा. महादेवप्पा म्हणजे घोंगड्यांचे व्यापारी आणि फावल्या वेळात साऱ्या जगाचे परीक्षक. त्यांनी एकदा हौसेनं धुळाला सिनेमाला नेलं. चित्रं तेव्हा मुकी असायची, म्हणून पडद्यापुढं बसून माणसं वाजवायची. त्या थेटरवाल्यानं मुंबईच्या हॉटेलात जाझ वाजवणारा मिंगेल नावाचा गोवेकर ड्रमवाला आणला होता. रीळ बदलेपर्यंत मिंगेल एकटाच वाजवायचा. पायानं मोठा ढोल, हातांनी लहान ढोल, मधेच एक काठी उडवून पाठीमागं झेलायची, आणि तोवर दुसऱ्या हाताचा असा तडतडाट की खापरात लाह्या फुटाव्यात! लोक शिट्ट्या मारत होते. धुळाचं तोंड उघडलं ते मिटेचना.

बाहेर आल्यावर महादेवप्पांनी आपल्या कानडी हेलात निकाल दिला. "एन धुळा, तुजा ढोल काळजातला, त्येचा बोटातला. तुजा ऐकून डोळ्याला पाणी येतंय, त्येचा ऐकून टाळी येतीय. चांगलं कुठलं, ते आता तूच सांग की."

शहाण्यानं इथं गप्प बसावं आणि गावची वाट धरावी. पण धुळाच्या मनानं घेतलं, की बापाच्या बापापासून लोकांच्या डोळ्यांतलं पाणीच बघत आलो; टाळी कुणी दिली का कधी? तो एक चांगलं घोंगडं काखेत मारून मिंगेलकडं गेला.

मिंगेल भला माणूस. म्हणाला, "शिकवतो रे. पण तू पण मला शिकव. माझं ऐकून कोण रडत नाय. एकदा तरी कोण रडायला पायजे."

धुळा हसला. "त्यात काय शिकायचं हाय? येकच ठेका. नुसता धरून बसायचा."

नुसता! हा नुसता शब्द त्याला पुढं फार महागात पडला.

कारण वळसंगात बिरोबाच्या जत्रेत पहिला ढोल धुळाच्या घराण्याचा. त्या ढोलावर भगत बिरप्पाच्या अंगात देव यायचा आणि पुढच्या सालाची भाकणूक सांगायचा. पाऊस कसा, ज्वारी कशी, मेंढरं कशी. ढोल चुकला तर देव नाही, आणि देव नाही तर भाकणूक नाही. गावात धुळाला जमीन थोडी, मेंढरं त्याहून थोडी. माणसांत नाव होतं ते एवढ्या मानापायी.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळापुढं माणूस मावत नव्हता. खुद्द महादेवप्पा सोलापूरहून आले होते. धुळानं ठेका धरला. बिरप्पाचे डोळे मिटले, पाय थरथरू लागले. देव गुडघ्यापर्यंत आला असेल नसेल, तोच धुळानं ठेका मोडून तडतडाट लावला. लोक म्हणाले, "वा रं धुळा!" आणि बिरप्पाचे पाय थांबले.

पुन्हा ठेका. पुन्हा थरथर. देव कमरेपर्यंत आला, आणि धुळानं टिपरू पाठीमागं झेललं. टाळ्या! देव परत खाली. असं बराच वेळ चाललं. शेवटी बिरप्पानं एक डोळा उघडला.

"आरं सरळ वाजीव की भाड्या! मी निम्मा आलोय!"

हे बिरप्पा बोलला की निम्मा देव, ते कुणालाच ठरवता येईना. पण टाळी ऐकलेला माणूस थांबतोय थोडाच! धुळानं टिपरू आणखी उंच फेकलं. वर बघितलं तर डोळ्यांत सूर्य. टिपरू आलं ते थेट बिरप्पाच्या कपाळावर.

बिरप्पा किंचाळून नाचू लागला. "आला! आला! बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत लोकांनी भंडारा उधळला.

"देवा, पाऊस कसा हाय औंदा?"

"पडंल! लई पडंल!" बिरप्पा ओरडला आणि कपाळ चोळू लागला.

पुढं बसलेली म्हातारी बाळाबाई तेवढी सावध होती. "देव टेंगूळ चोळतोय व्हय रं?"

झालं! पंचांनी एकमेकांकडं बघितलं. "धुळा, सर माघारी." पहिला मान त्याच्या चुलतभावाला, येडूला दिला. महादेवप्पांनी जाताना धुळाच्या पाठीवर हात ठेवला. "टाळ्या मातर झाल्या, बरं का." याहून त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

धुळा घरी आला आणि शेरडांच्या वाड्यात ढोल मांडीवर घेऊन बसला. त्याला फार वाईट वाटत होतं. बापानं मरताना ढोलच तेवढा हाती दिला होता, आणि आपण तो खेळण्यागत उडवला. त्यानं जुना ठेका धरला. ना तडतडाट, ना फेकाफेक. डोळे गळत होते आणि हात चालत होता.

तानाबाई मागोमाग आली होती. ती शेरडांना पाला टाकत होती. टाकता टाकता थांबली. तिचे केस सुटले, अंग घुमू लागलं, आणि तिच्या तोंडून घोगरा आवाज आला, "धुळा! आलोय मी!"

सबंध देव! डोक्यापासून पायापर्यंत! आणि बघायला कोण, तर शेरडं.

"देवा, जरा दम धर! मानसं बोलिवतो!"

"धुळा, तुला येक सांगायचं हाय..."

"मानसांफुडंच सांग की, देवा!" धुळानं टिपरू टाकलं आणि देवळाकडं धूम ठोकली. येडूच्या ढोलात त्याची हाक कुणालाच ऐकू जाईना. हाताला धरून कशीबशी शेजारची बनाबाई आणली.

वाड्यात तानाबाई केस बांधून लेंड्या गोळा करत होती.

"कुटं हाय देव?" बनाबाईनं विचारलं.

"कुटला देव?" तानाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "अवो, मगाशी किती ग्वाड वाजवत हुतासा. मधीच का थांबलासा?"

बनाबाई पदरानं तोंड झाकून हसत परत गेली. धुळानं ढोल पुन्हा मांडीवर घेतला आणि तोच ठेका दिवस मावळेपर्यंत धरला. तानाबाईनं शेरडं बांधली, भाकरी थापल्या, जेवायला हाकही मारली. देव काय सांगणार होता, ते धुळाला शेवटपर्यंत कळलं नाही.