प्रभुण्यांचा पेशंट

नॉटिंगहॅमला प्रभुण्यांकडे हिवाळ्यात जेवायला बोलावलं, की आम्ही अंगावरचे कोट काढायचो नाही. त्यांची पुढची खोली ऑक्टोबरपासून लिंबाची असायची. मोठ्या खिडकीशी कुंडीतलं कमरेएवढं झाड, आणि रेडिएटर बंद.

"लिंबाला गारवा चालतो," प्रभुणे समजावत. "हिम नाही. आणि सेंट्रल हीटिंग तर अजिबात नाही. कोरड्या हवेत पानं टाकतं ते."

"आणि माणसं काय टाकतात?" शालिनीवहिनी शालीतून विचारत.

प्रभुणे हॉस्पिटलात चार्ज नर्स होते, त्यामुळे झाडाला ते 'पेशंट' म्हणत. नळाच्या पाण्यात चुना फार म्हणून बादलीत साठवलेलं पावसाचं पाणी घालत, तेही मातीत बोट खुपसून बघितल्यावर. पानांमागची कीड कापसाने पुसत. कुणी जास्त जवळ गेलं की, "चला, व्हिजिटिंग टाइम संपला!" एकदा माझी बायको फुलाचा वास घ्यायला वाकली, तर म्हणाले, "वहिनी, सर्दी नाही ना?"

या सगळ्याची मी घरोघरी नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे, आणि मला ते हवं असायचं.

मग एका हिवाळ्यात त्यांची आई सांगलीहून कायमची राहायला आली. गुडघे गेलेले, जिना चढणं अशक्य. खाली झोपायजोगी खोली एकच. आता ती कुणाला मिळणार, यावर आमच्यात पैजा लागायच्या बाकी होत्या.

ती आईंना मिळाली. रेडिएटर सुरू झाला. लिंबू वर बेडरूममध्ये गेलं आणि तिथला रेडिएटर बंद झाला. "मी झाडाशी लग्न केलं नव्हतं," म्हणत वहिनींनी आपली गादी सासूबाईंजवळ नेली. प्रभुणे माकडटोपी घालून लिंबाशेजारी झोपू लागले. ती नक्कल तर फारच गाजली.

फेब्रुवारीत एका दुपारी गेलो, तर पुढच्या खोलीत गरम होत होतं. आई पलंगावर झोपलेल्या. खिडकीशी लिंबू, निम्म्याहून अधिक उघडं. प्रभुणे कार्पेटवर रांगत गळलेली पानं वेचून कार्डिगनच्या खिशात भरत होते.

"अहो, हे खाली कसं?"

"हळू. कळ्या आल्या होत्या, म्हणून दाखवायला आणलं. तर आई म्हणाली, राहू दे. आम्ही दोघंही दिवसभर ड्यूटीवर. याच्याशी बोलते ती."

"मग हीटिंग तरी कमी करा. जाईल ते अशानं."

"तिला थंडी सोसत नाही रे." त्यांनी आणखी एक पान उचललं. "आणि कशामुळे गळतंय ते कळलं, तर हीटिंग बंद करायला लावेल. मग कुडकुडत बसेल, आणि झाडही वर पाठवेल."

आईंनी डोळे उघडले. "मन्या, काय शोधतोयस?"

"बटण पडलंय, आई."

आई झाडाकडे बघत राहिल्या. "हे विरळ झालंय का रे?"

"इथली सगळीच होतात हिवाळ्यात. बाहेर बघ ना."

त्यांनी खिडकीबाहेरच्या उघड्या झाडांकडे पाहिलं आणि मान हलवली. पलंगाखाली, प्रभुण्यांचा हात पोचत नव्हता तिथे, तीन-चार पानं पडली होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि बटण शोधू लागलो.