सेम्परविरेन्स

बायको बहिणीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा तिनं मला एकच काम सांगितलं. "अहो, बाकी घर बुडालं तरी चालेल, पण बाबांच्या झाडाला रोज पाणी घाला."

सासऱ्यांची रोपवाटिका होती. वारण्याआधी त्यांनी लावलेलं हे शेवटचं झुडूप. कुंडीत त्यांच्या हातची पाटी होती: सेम्परविरेन्स.

मी कारकून माणूस, लिहिलेलं दिसलं की विश्वास बसतो. लायब्ररीतून लॅटिनचा कोश आणला. सेम्पर म्हणजे नेहमी, विरेन्स म्हणजे हिरवं असणारं. विशेषण इतकं सोशिक की तिन्ही लिंगांत रूप तेच. मी हरखलो. जे नेहमीच हिरवं, त्याला पाणी कशाला? (सासऱ्यांनी लिहून दिलंय म्हणजे गॅरंटीच.) रोज संध्याकाळी मी झाडासमोर बसून त्याला व्युत्पत्ती वाचून दाखवायचो.

झाड पिवळं पडलं तेव्हा वाटलं, अपवाद असेल. मग ते तपकिरी झालं आणि कोशात तसा अर्थ नव्हता.

बायको येणार त्या सकाळी मी वाळकं झाड जिन्याखाली दडवलं, बाजारातून हुबेहूब प्लॅस्टिकचं आणलं आणि पाटी त्यात खोचली. "बरं जपलंत," म्हणून तिनं त्याला पाणी घातलं. रोज घालायची. ते सगळं फरशीवर यायचं आणि मी गुपचूप पुसायचो. एकदा पानं पुसता पुसता ती म्हणाली, "बाबांना किती बरं वाटलं असतं." इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"ते प्लॅस्टिकचं आहे," मी बोलून टाकलं.

"माहितीये. खालच्या पानाला दुकानाचा टॅग आहे."

"मग पाणी कशाला घालतेस?"

"एरवी फरशी कोण पुसतं या घरात?"

मग तिनं मला मागच्या गॅलरीत नेलं. जिन्याखालचं झाड तिनं आल्या दिवशीच उचलून आणलं होतं. छाटलेल्या बुंध्याशी हिरवे कोंब फुटले होते. माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "शब्द मात्र सुंदर आहे गं. कुठेही लावा, बदलत नाही."

"तुमच्यासारखाच," ती म्हणाली आणि माझ्या हातात झारी दिली.

झारीवर तिनं स्वतःच्या अक्षरात एक पाटी चिकटवली होती, माझ्यासाठी मराठीत: 'रोज'.