पुस्तकातला पुठ्ठा

"मी आपली बसनं जाते," बायको म्हणाली.

"दारात गाडी असताना बसनं?" गाडीच्या उघड्या बॉनेटमधून आवाज आला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शहाणी बाई आहे, वेळेवर पोचली."

बॉनेटमधल्या आवाजानं पुन्हा पाना उचलला. तो आवाज पंपांच्या कारखान्यातल्या एका फिटरचा होता. त्याच्या हाताखालून गेलेला पंप कधी गळत नाही अशी त्याची कारखान्यात ख्याती होती. घरच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिनं वीस वर्षं पुरी केली होती आणि गेले दोन महिने जरा चढ लागला की ती खोकत होती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधून हवा शिरते आहे, एवढं निदान फिटरनं केलं होतं. औषध करायला मात्र त्यानं नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवसाची दुपार निवडली होती.

परीक्षा बायकोची होती. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती अकरा वर्षं हंगामी कारकून होती. ज्यांना तिनं फायली लावायला शिकवलं ते कायम होऊन आता तिलाच फायली आणायला सांगत होते. कायम होण्याची परीक्षा तिनं दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा चार-दोन मार्कांनी हुकली होती. ही तिसरी खेप. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, त्यामुळे चौथी नव्हती. केंद्र चाळीस किलोमीटरवर, फाटक साडेनऊला बंद, आणि हॉल तिकिटाशिवाय कुणालाही आत सोडणार नाहीत, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं.

हॉल तिकीट तिनं सुरक्षित जागी ठेवलं होतं. सुरक्षित म्हणजे नवऱ्यापासून सुरक्षित.

त्याला कारण होतं. इंजिनावर कार्बोरेटर बसवा नाहीतर आणखी काही, मधे पातळ पुठ्ठ्याचं पॅकिंग घालावंच लागतं, नाहीतर फटीतून हवा शिरते. ते बाजारात तयार मिळतं. पण तयार पॅकिंग आणणं म्हणजे शिंप्यानं दुकानातून सदरा विकत आणण्यासारखं आहे, असं फिटरचं मत होतं. घरात जाड कागद दिसला की त्याचे हात शिवशिवत. मुलाच्या प्रगतिपुस्तकाचं कव्हर असंच गेलं होतं. बायकोच्या चुलत बहिणीची लग्नपत्रिकाही गेली होती, पत्ता त्यावरच असल्यामुळे लग्न चुकलं. पण शेजाऱ्याची स्कूटर त्या पत्रिकेवर अजून चालत होती. म्हणून बायकोनं दोन दिवस विचार करून हॉल तिकीट अशा ठिकाणी ठेवलं, जिथं नवऱ्याचा हात वीस वर्षांत गेला नव्हता.

"अहो, उद्या सकाळी रस्त्यात खोळंबा नको," ती आत जाता जाता म्हणाली. "कंपनीनं एवढं पुस्तक दिलंय गाडीबरोबर, एकदा तरी उघडून बघा!"

हे वाक्य ती वीस वर्षं म्हणत आली होती. इतक्या जुन्या वाक्याचा काही परिणाम होईल असं कुणालाच वाटत नाही, तिलाही वाटलं नाही. पण त्या दुपारी फिटरच्या मनानं काय घेतलं कुणास ठाऊक. पुस्तकात किती चुका आहेत हे एकदा सिद्ध करून टाकावं म्हणून त्यानं कपाटातून ते काढलं आणि कार्बोरेटरचं पान शोधलं. बेचाळिसावं पान. आणि त्या पानावर एक पुठ्ठा होता.

कोरा, पांढरा, हाताच्या पंजाएवढा, हव्या तेवढ्याच जाडीचा.

"वा!" फिटर म्हणाला. "कंपनीनं पुठ्ठासुद्धा जागच्या जागी दिलाय!" आपण वीस वर्षं कंपनीला उगाच नावं ठेवली याचं त्याला वाईट वाटलं. पुठ्ठा उलटून बघावा असं मात्र त्याला वाटलं नाही, आणि बघितला असता तरी उपयोग नव्हता, कारण चष्मा गाडीच्या खणात होता आणि चष्मा लावायला फिटर म्हातारा नव्हता.

त्यानं पुठ्ठा कार्बोरेटर काढलेल्या इंजिनाच्या तोंडावर ठेवला आणि कडेकडेनं हातोडीनं हलकेच ठोकत नेला. बोल्टांची दोन बारीक भोकं पडली, मधून लिंबाएवढी गोल चकती सुटून आली. चकती जरा जाड लागली. तिथं कंपनीनं पुठ्ठा दुहेरी केला असेल. फिटर काही फेकत नसे, म्हणून चकती शर्टाच्या खिशात गेली. त्या खिशाला बायको भंगारबाजार म्हणत असे. बाहेरची जास्तीची कड कापायचा कंटाळा केला, ती तशीच राहिली. मग कार्बोरेटर, वॉशर, नट. एकदा हा, एकदा तो, थोडं थोडं करत दोन्ही नट आवळले, पेट्रोलच्या पाइपाची क्लिप घट्ट केली आणि गाडी चालू केली. गाडी खोकली नाही. पुस्तक कपाटात परत गेलं.

रविवारी सकाळी बायकोनं ते पुस्तक पिशवीत टाकलं.

"पुस्तक कशाला?" फिटरनं विचारलं.

"असू दे बरोबर."

फिटरला भरून आलं. आपण पुस्तक उघडलं हे हिला कसं कळलं, असा विचार करतच त्यानं गाडी काढली.

निम्मा रस्ता झाला तेव्हा पावणेनऊ व्हायला आले होते. चढ संपला. बायकोनं हॉल तिकिटावरच्या सूचना पुन्हा एकदा वाचाव्यात म्हणून पुस्तक उघडलं. बेचाळिसाव्या पानावर काळ्या अंगठ्याचा ठसा होता. दुसरं काही नव्हतं.

"अहो."

"चढ बघितलास? एक खोकला नाही!"

"अहो, हे पुस्तक तुम्ही उघडलं होतंत?"

"उघडलं होतं! तू म्हणालीस, मी ऐकलं. मी ऐकत नाही असं यापुढं म्हणायचं नाही."

"बेचाळीस नंबरच्या पानावर काय होतं?"

"चित्र होतं. आणि कंपनीचं डोकं बघ, तिथंच पॅकिंगचा पुठ्ठा ठेवलेला! इतका सुरेख पुठ्ठा मी जन्मात..."

बायकोच्या चेहऱ्याकडे बघून फिटरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"कोरा होता तो," तो म्हणाला.

"एका बाजूनं."

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरखालून बाहेर आलेली पुठ्ठ्याची कड बायकोनं नखानं वर केली. खालच्या बाजूला तिच्याच नावाची पहिली दोन अक्षरं होती. तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

"काढा," ती म्हणाली.

"इथं काढलं तर गाडी इथंच राहील."

"नाही काढलं तर मी फाटकाबाहेर राहीन."

"तिथं पोचून काढू. दोन तर नट आहेत."

"आणि तोवर जळलं बिळलं म्हणजे?"

"जळत नाही. जोर दिला की इंजिन आत ओढतं, तेव्हा कुठंतरी फाटू शकतं."

"मग हळू चालवा!"

"हळू चालवलं तर साडेनऊ इथंच वाजतील!"

इकडे आड, तिकडे विहीर. फिटरनं मधला मार्ग काढला, म्हणजे सपाटीवर जोरात आणि चढावर जीव मुठीत धरून. बायको घड्याळाकडे बघत इंजिनाला कान लावून बसली.

"खोकली!"

"मी खोकलो."

"तुम्ही खोकू नका."

मग भांडण झालं. ते होणारच होतं.

"लपवून ठेवायचं होतं तर मला सांगायचं ना!"

"ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सांगू?"

"मग पुस्तक बघा म्हणून कशाला सांगितलंस?"

"वीस वर्षं सांगतेय! वीस वर्षांत कधी ऐकलंत? कालच कसं ऐकलंत?"

बायकोचं न ऐकल्याबद्दल फिटर बोलणी खात आला होता, ऐकल्याबद्दल पहिल्यांदाच खात होता. पण त्याला लागत होतं ते तिचं बोलणं नव्हे. बसनं जाते म्हणत होती, आपणच जाऊ दिलं नाही. अकरा वर्षांचं तिचं काम आपण हातोडीनं ठोकून काढलं, हे त्याला सारखं आठवत होतं.

नऊ वाजून बारा मिनिटांनी गाडी केंद्राच्या फाटकाशी थांबली.

"गाडी इथं लावायची नाही," पहारेकरी म्हणाला. "बाई, हॉल तिकीट?"

"आणते."

"कुठं आहे?"

"इंजिनात."

पहारेकऱ्यानं आजवर खूप सबबी ऐकल्या होत्या. ही नवीन होती, म्हणून तो बघायला आला.

इंजिन तापलेलं होतं. फिटरनं पेट्रोलचा पाइप सोडवला तसं पेट्रोल टपकायला लागलं. बायकोनं पुढं होऊन पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. पहिला नट निघाला. दुसरा जागचा हलेना.

"कुणी आवळलाय हा गाढवानं!"

"तुम्हीच."

"एकवीस झाले!" पहारेकरी घड्याळ बघून ओरडला. गाडी हटवण्याचं तो विसरला होता. सिगारेट ओढत पुढं आलेल्या एका माणसाला त्यानं हाकलून लावलं आणि पुन्हा ओरडला, "तेवीस!"

फिटरनं पान्यावर सगळं वजन टाकलं. कट्ट असा आवाज झाला. नट तुटला की सुटला हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. सुटला होता. कार्बोरेटर वर उचलला गेला. पुठ्ठा उष्णतेनं लोखंडाला चिकटून बसला होता.

"हळू," बायको म्हणाली.

फिटरनं हात विजारीला पुसले. ब्लेडचं टोक कडेखाली घालून त्यानं पुठ्ठा सोडवत आणला आणि बायकोच्या हातावर ठेवला. ती धावत सुटली. फाटकाच्या आत लगेचच टेबल होतं आणि टेबलामागं केंद्रप्रमुख बाई होत्या.

"हे काय आहे?"

"हॉल तिकीट."

"याला पेट्रोलचा वास येतोय."

"हो."

"फोटो कुठं आहे?" बाईंनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं. मधल्या भोकातून फोटोच्या जागी खुद्द उमेदवार दिसत होती, पण नियमात ते बसत नव्हतं. "फोटोशिवाय सोडता येणार नाही."

"अठ्ठावीस," पहारेकरी हळूच म्हणाला.

"थांबा!" फाटकाबाहेरून फिटर ओरडला. त्यानं शर्टाचा खिसा गाडीच्या टपावर उलटा केला. तीन स्क्रू पडले, एक स्प्रिंग पडली, नळाची जुनी चकती, सुतळीचा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी घरंगळत बायकोचा चेहरा. पहारेकऱ्यानं तो ओंजळीत घेऊन टेबलापर्यंत धाव घेतली.

केंद्रप्रमुख बाईंनी चकती भोकात ठेवली. केसाएवढीही फट राहिली नाही.

"कापलंय मात्र छान," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा सारखा करून कार्डावरच्या सूचना वाचायला घेतल्या. सगळ्या वाचल्या. "दुमडू नये, असं आहे. दुमडलेलं नाही. चुरगळू नये. चुरगळलेलं नाही. भिजवू नये." त्यांनी एकदा वास घेतला. "वाळलंय. भोक पाडू नये असं कुठं लिहिलेलं नाही. जा!"

ती आत गेली आणि मागं फाटक बंद झालं.

फिटर गाडीला टेकून उभा राहिला. पेपर तीन तासांचा होता, आणि तेवढ्या वेळात गाडी चालू व्हायला हवी होती. पॅकिंगला पुठ्ठा नव्हता. फाटकावर ‘प्रवेश बंद’ अशी छान जाड पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. त्याचे हात शिवशिवले. मग त्यानं ते पाठीमागं बांधले.

वेळ जाईना म्हणून त्यानं खणातून चष्मा काढला, लावला आणि पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. कुणी बघत नव्हतं. शेवटच्या पानानंतर कव्हराला आतून एक खिसा होता. खिशात एक पाकीट होतं, आणि पाकिटात कार्बोरेटरचं पॅकिंग होतं. कंपनीचं, अस्सल, बरोबर मापाचं. पाकिटावर छापलं होतं, ‘जादा पॅकिंग, जपून ठेवावे.’ वीस वर्षं ते जपून राहिलं होतं.

फिटरनं इकडेतिकडे बघितलं. मग ते बसवून टाकलं.

एक वाजता बायको बाहेर आली. दोन्ही तळहातांत धरून तिनं कार्ड आणलं होतं.

"कसा गेला?" फिटरनं विचारलं.

"चांगला गेला." ती पहिल्यांदाच हसली. "अहो, खरंच चांगला गेला. दहा मिनिटं आधी संपला. यावेळी होईल असं वाटतंय."

फिटरनं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

"आणि त्या बाई याला स्टेपल मारत होत्या," ती कार्ड पुढं करत म्हणाली. "मी मारू दिलं नाही. म्हटलं, आणखी भोक पडलं तर हवा शिरेल."

"अगं, पण आता..."

"इंटरव्ह्यूला हेच दाखवायचंय, दोन महिन्यांनी. तोवर नीट राहायला हवं."

"कपाटात ठेव. कुलूप लाव."

"त्या कुलपाची किल्ली तुम्हीच घासून केलीय. नको. आत बसवा हे. तिथून सहजासहजी निघत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. फोटो माझ्याकडे राहू दे."

बायको गाडीत जाऊन बसली. मग फिटरनं बॉनेट वर केलं, म्हणजे आतून काही दिसू नये, आणि दोन्ही नट पुन्हा सोडले. कंपनीचं पॅकिंग अलगद काढून पाकिटात घातलं. पाकीट पुस्तकाच्या खिशात घातलं. हॉल तिकीट इंजिनावर ठेवलं, नावाची बाजू या वेळी वर केली, आणि एकदा हा, एकदा तो, थोडं थोडं करत नट आवळायला लागला.

"अहो," आतून आवाज आला, "पुस्तक बघून करताय ना?"

"बघूनच करतोय," फिटर म्हणाला आणि त्यानं पुस्तक मिटलं.