तळमजला शोधणारे उगलेकाका

उगलेकाका दर रविवारी नवे फ्लॅट बघायला जायचे आणि जाताना खिशात लिंबू न्यायचे. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरले की लिंबू फरशीवर ठेवायचे. जरा घरंगळलं की, "उतार आहे साहेब!" मग तिथला फुकटचा चहा पिऊन निघायचे.

शेजारी म्हणून स्कूटर माझी. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, पार मखमलाबाद. नाशिक वाढत गेलं आणि माझे रविवार वाया गेले. दहा वर्षं, बरं का! काकांचा प्रश्न एकच, "तळमजला आहे?"

"खाली पार्किंग असतं काका," बिल्डरचा माणूस सांगायचा.

"म्हणजे गाड्या खाली, माणसं वर? गाड्यांचे गुडघे दुखतात वाटतं!"

गुडघे गेले होते काकूंचे. आमची जेलरोडची बिल्डिंग बिनलिफ्टची आणि उगले तिसऱ्या मजल्यावर. काकूंनी जिना उतरणं कधीच सोडलं होतं. डॉक्टरसुद्धा वरच यायचे.

कुणी लिफ्टचं नाव काढलं की काका उसळायचे. "उभा जन्म एकलहऱ्याला वीज तयार करण्यात गेला माझा. मला लिफ्ट सांगतो! लोडशेडिंगमध्ये बाई अडकली तर तू काढणार?"

त्यांच्या माघारी मी त्यांना 'चहाचं गिऱ्हाईक' म्हणायचो. सगळे खिदळायचे. आता लाज वाटते.

शेवटी आडगाव नाक्याजवळ एक जुनं बैठं घर मिळालं. लिंबू जागचं हललं नाही. दारापासून रस्त्यापर्यंत पायरी एकच. काका हरखले. "भाजीवाली दारात येते रे! हिला मेथी स्वतः निवडून घ्यायची असते."

पण पितृपक्ष लागला होता. मी म्हटलं, "काका, निदान बयाणा तरी देऊन टाका."

"पितृपक्षात घराचा व्यवहार? भलतंच! दहा वर्षं थांबलो, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

घटस्थापनेला आम्ही पेढे घेऊन गेलो. घर गेलं होतं. पितृपक्ष न पाळणारा कुणीतरी भेटला होता मालकाला. काका तिथंच ओट्यावर बसले. पेढे तसेच परत आणले.

पौषात काकू गेल्या. इतक्या वर्षांनी खाली उतरल्या, त्या चौघांच्या हातांवर. आमचा मेला जिना इतका अरुंद, की वळणावर तिरडी उभी करावी लागली. काका वरून सांगत होते, "सांभाळून रे, तिला लागेल."

महिन्याभराने रविवारी सकाळी दार वाजलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"चल, गाडी काढ."

"काका, आता कशाला?"

"इथं नाही राहवत रे," ते म्हणाले. "आणि आता काय, कुठलाही मजला चालतो."